थँक्सगिव्हिंगनंतरचा फ्रिज

श्रोतेहो, नमस्कार. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार काल पार पडला. आज अमेरिकेतल्या घरोघरी, आणि आपल्या कितीतरी मराठी घरांतही, फ्रिज उघडला की समोर दिसते अर्धीमुर्धी टर्की, मॅश्ड पोटॅटोचं भांडं, स्टफिंग, रताळ्याचं कॅसरोल आणि क्रॅनबेरी सॉस. या सगळ्याचं चविष्ट काय करता येईल, ते आज पाहू.

आधी टाकून काय द्यायचं, ते ठरवा. काल टेबलावर दोन तासांहून जास्त वेळ राहिलेलं मांस, ग्रेव्ही किंवा स्टफिंग ठेवू नका. काही जंतूंचं विष उकळूनही नाहीसं होत नाही, त्यामुळे ‘चांगलं गरम करून खाऊ’ हा उपाय इथे चालत नाही. वेळेवर फ्रिजमध्ये गेलेलं अन्न तीन ते चार दिवस टिकतं, म्हणजे सोमवारपर्यंत. त्याहून जास्त उरणार असेल तर आजच फ्रीझरमध्ये टाका.

आता टर्की. हिचं मांस एकदा पूर्ण शिजलेलं आहे, हे विसरलं की सगळं बिघडतं. कच्च्या चिकनसारखं ते मसाल्यात अर्धा तास रटरटवलं, तर धागे आणखी आवळतात, उरलेला रस बाहेर पडतो आणि तोंडात चोथा येतो. छातीचं पांढरं मांस तर आधीच कोरडं असतं. म्हणून मसाला पूर्ण तयार करा, तेल सुटू द्या आणि शेवटी मांस घालून फक्त गरम करा. ते आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की गॅस बंद. मांडीचं गडद मांस सुक्क्याला वापरा, ते जास्त सोसतं. टर्कीला दुसऱ्या दिवशी जो शिळा वास येतो, तो तिच्यातल्या चरबीचा हवेशी संयोग होऊन येतो. मालवणी मसाल्यात तो बराच झाकला जातो.

पण खरा ऐवज सांगाड्यात आहे. त्याचा पांढरा रस्सा करून बघाच! आधी हाडांवरची कातडी काढून टाका, कारण सेज, रोजमेरीचा वास तिथेच मुरलेला असतो आणि तो नारळाच्या दुधाशी भांडतो. बारा ते चौदा पौंडांच्या पक्ष्याचा सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घाला, बुडेल इतकं गार पाणी, एक कांदा आणि आल्याचा तुकडा घाला. मंद आचेवर तीन तास ठेवा. पाण्याला बारीक बुडबुडे यावेत, खळखळ उकळी नको, नाहीतर चरबी पाण्यात मिसळून अळणी, म्हणजे हाडांचं हे बिनमिठाचं पाणी, गढूळ आणि तेलकट होते. मीठ घालायचं नाही. टर्की बहुधा मिठाच्या पाण्यात मुरवलेली असते आणि ते मीठ हाडांतून उतरतं. टर्की धुरावर भाजलेली असेल, तर ती अळणी रश्शाला नको, मसुराच्या आमटीला वापरा.

सहा कप अळणीला दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ आणि दहा काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून अगदी गंधासारखे वाटा. तुपात चार लवंगा, दोन वेलदोडे, दालचिनी, सहा-सात मिरे, मग आलं-लसूण आणि तीन चिरलेल्या हिरव्या मिरच्या परता. काहीही लाल होऊ देऊ नका, रंग तिथेच जातो. वाटण घालून दोन-तीन मिनिटं हलवा, अळणी ओता, दहा मिनिटं उकळू द्या. आच अगदी कमी करून एक कप नारळाचं दूध घाला. यानंतर उकळी आली की रस्सा फाटतो. आता चाखून बघा आणि मगच मीठ.

मॅश्ड पोटॅटोचे पॅटिस तव्यावर विरघळतात ते त्यातल्या लोणी आणि दुधामुळे. दोन कप बटाट्याला अर्धा कप पोह्यांची पूड, आलं-मिरची, कोथिंबीर, लिंबू. फ्रिजमधून काढल्या काढल्या गार असतानाच हाताने मळा. मिक्सरमध्ये फिरवलं तर डिंकासारखा चिकट गोळा होतो. पॅटिस थापून पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग चांगल्या तापलेल्या तव्यावर घाला आणि खालची बाजू खरपूस होईपर्यंत उलथनं लावू नका.

स्टफिंग म्हणजे शेवटी पावाचा चुराच, तेव्हा त्याचा फोडणीचा कुस्करा उत्तम होतो. मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, हळद. पाण्याचा हबका मारू नका, ते आधीच ओलं असतं. झाकण ठेवून वाफ आणा, मग झाकण काढून तळाला खरपूस होऊ द्या.

रताळ्याच्या कॅसरोलच्या घाऱ्या करा. वरचा मार्शमेलोचा थर काढून टाका, पण थर काढला तरी ते शाकाहारी मंडळींना देऊ नका, मार्शमेलोत प्राणिजन्य जिलेटिन असतं. एक कप रताळ्यात मावेल तेवढी कणीक, दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, पाणी अजिबात नाही. साखर आधीच असते, म्हणून गूळ घालण्याआधी चाखा. गोड जास्त झालं की घारी बाहेरून काळी पडते आणि आत कच्ची राहते. आच मध्यम ठेवा. क्रॅनबेरी सॉसला जिरं, हिंग आणि लाल तिखटाची फोडणी दिली की पॅटिसबरोबर खायला आंबटगोड चटणी तयार.

ग्रीन बीन कॅसरोलचं मात्र काही करायला जाऊ नका. १९५५ साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी बसवलेला हा पदार्थ आपल्या मसाल्यांशी जुळत नाही. ओव्हनमध्ये गरम करा, वरचा कांदा पुन्हा कुरकुरीत होतो, आणि तसाच खा.

अळणी जास्त झाली, तर नारळाचं दूध घालण्याआधीच वेगळी काढा, दूध घातलेला रस्सा गोठवून वितळवला की फुटतो. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका, मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ भांड्यांत ओतून गार करा, वरचा चरबीचा थर काढा, आणि कपाकपाच्या डब्यांत वर बोटभर जागा ठेवून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने चव चांगली राहते, डब्यावर तारीख तेवढी लिहा.