पितृपक्षात हेलीन, नवरात्रात मिल्टन

(फ्लोरिडातल्या टॅम्पा परिसरातल्या मराठी कुटुंबांसमोर मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला दिलेला विषय आहे हरिकेन सीझनची, म्हणजे इथल्या चक्रीवादळांच्या हंगामाची तयारी. सामानाची यादीच सांगायची तर दहा मिनिटांत आपण चहाला मोकळे. माणशी रोज एक गॅलन पाणी, बॅटऱ्या, औषधं, रोख पैसे, भरलेली टाकी. ही यादी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पत्रकात आहे आणि बऱ्याच जणांच्या फ्रिजवर चिकटवलेलीही असेल. पण घरात टॉर्च नव्हता म्हणून या किनाऱ्यावर कुणी दगावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मागच्या वादळावरून पुढच्याचा अंदाज बांधला, म्हणून मात्र माणसं गेली आहेत. आज त्याबद्दलच बोलते.

२०२४ घ्या. २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन नावाचं हरिकेन आलं, आपल्याकडे पितृपक्ष चालू होता. पुढे तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, दुसरं, मिल्टन, आलं तेव्हा नवरात्र होतं, कित्येक घरांत घट बसलेले होते. गणपती ते दसरा हा आपला सणांचा हंगाम आणि अटलांटिकचा वादळांचा हंगाम एकाच वेळी भरात असतो. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याचं शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे मखर लावायचं आणि खिडक्यांना प्लायवूड ठोकायचं, ही कामं बहुतेक वर्षी शेजारी-शेजारीच येणार.

हेलीन थेट इथे आलंच नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याचं केंद्र आपल्यापासून दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून, मेक्सिकोच्या आखातातून वर गेलं आणि पेरी गावाजवळ धडकलं. पेरी इथून अडीचशे किलोमीटरवर. इथला वारा म्हणाल तर हरिकेनच्या दर्जाचाही नव्हता. तरीही टॅम्पा उपसागराचं पाणी नेहमीच्या भरतीच्या वर सहा-सात फूट चढलं. आपल्या शेजारच्या सेंट पीटर्सबर्गच्या भरती-मापकावर १९८५ च्या एलेनाच्या वेळचा विक्रम होता, तो कितीतरी मागे पडला. तिथल्या पिनेलास काउंटीत दहाहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक बुडून. ती ज्या भागात राहत होती तिथे घरं सोडण्याचा आदेश आधीच निघालेला होता.

मग ती थांबली का? त्यांच्याकडे अनुभव होता म्हणून. २०१७ चं इर्मा इथे पोचेपर्यंत ढिलं पडलं. २०२२ मध्ये इयनचा रोख टॅम्पाकडे होता, ऐनवेळी ते दक्षिणेला वळलं. २०२३ चं इडालिया लांबून गेलं. टॅम्पाला थेट बसलेलं शेवटचं मोठं हरिकेन १९२१ सालचं, ते पाहिलेलं आज कोण असणार? इथे तर एक दंतकथाच आहे की टोकोबागा आदिवासींनी रचलेले मातीचे ढिगारे या उपसागराचं रक्षण करतात. ऐकायला फार गोड. पण हा उपसागर उथळ आहे, आखाताच्या बाजूला तोंड करून बसलाय. पाणी आत लोटायला याहून सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही.

इयनचं आणखी सांगायला हवं. ते २८ सप्टेंबर २०२२ ला फोर्ट मायर्सच्या बाजूला धडकलं. लोक टीव्हीवरच्या वादळाच्या वाटेचा अंदाज दाखवणाऱ्या त्या पांढऱ्या शंकूच्या मधली रेघ बघत बसले. रेघ टॅम्पावर होती, म्हणून फोर्ट मायर्सवाले निवांत. पण त्यांची ली काउंटी शंकूच्या कडेला का होईना, शंकूतच होती. शंकू एवढंच सांगतो की वादळाचं केंद्र साधारण तीनातल्या दोन वेळा या पट्ट्यात राहील. तिसऱ्या वेळी ते पट्ट्याबाहेरही जाऊ शकतं. आणि पाणी किती लांबवर पसरेल, याबद्दल तो शंकू अवाक्षर काढत नाही. ली काउंटीत घरं सोडायचा आदेश आदल्या दिवशी सकाळी निघाला. तोवर अनेक जण म्हणत होते, आम्ही २००४ चं चार्ली घरात बसून काढलंय. चार्लीचा वारा इयनइतकाच जबर होता, ताशी दीडशे मैल. पण ते आकाराने लहान होतं आणि भरभर निघून गेलं. इयन अवाढव्य होतं. फोर्ट मायर्स बीचवर दहा ते पंधरा फूट पाणी आलं. वाऱ्याचा आकडा तोच, आणि घरातलं पाणी छताला टेकलेलं!

कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा असतो. एक ते पाच, सगळं मोजमाप वाऱ्याचं. उधाण, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेलं समुद्राचं पाणी, त्यात नाही, पाऊस नाही. उलट १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांचे जे थेट बळी गेले, त्यांतले सुमारे नव्वद टक्के पाण्याने गेले. तुमच्यात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडची मंडळी दिसतायत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं, तेव्हाचे आडव्या झालेल्या पोफळींचे, उडालेल्या पत्र्यांचे फोटो तुम्हाला घरून आले असतील. वादळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वारा येतो. साहजिकच आहे. पण ते चित्र इथे घेऊन फिरू नका. हेलीनचेच सगळ्यात जास्त बळी कुठले? समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले. नद्यांना पूर आले, दरडी कोसळल्या.

आता मिल्टन. आखातात असताना त्याचा वारा ताशी १८० मैलांवर गेला होता. हेलीनने भिजवलेल्या गाद्या, सोफे, उचकटलेल्या जिप्सम बोर्डाच्या भिंती अजून रस्त्याकडेला पडून होत्या. पुढच्या वाऱ्यात त्यातला एकेक तुकडा तोफगोळा होणार, म्हणून ट्रक रात्रंदिवस ढिगारे उपसत होते. टॅम्पा उपसागरात दहा ते पंधरा फूट उधाणाचा इशारा होता. या खेपेस माणसं निघाली. पेट्रोल पंप कोरडे पडले, उत्तरेकडचे रस्ते तुंबले.

आणि झालं काय, तर उपसागराचं पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढलं गेलं. केंद्र दक्षिणेला सिएस्टा कीवर आलं. आपल्या गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीवर पाणी लोटतो आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे ढकलतो. आपण उत्तरेला होतो. पाणी चढलं ते व्हेनिस, मॅनासोटा कीच्या बाजूला. आपल्यावर मात्र आकाश फाटलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून जास्त पाऊस. किनाऱ्यापासून आत, जिथे घर सोडायचा आदेश नव्हता, तिथल्या घरांत पाणी शिरलं. आणि राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फोर्ट पियर्सजवळ, वादळ पोचायच्या कितीतरी आधी त्याच्या बाहेरच्या ढगांतून चक्रीवावटळी उतरल्या. निवृत्त लोकांच्या एका वसाहतीत सहा जण गेले. सगळं राज्य पश्चिम किनाऱ्याकडे बघत होतं.

यानंतर मला जे ऐकायला मिळालं त्याची मला जास्त भीती वाटते. “उगाच पळालो. बारा तास गाडीत, हॉटेलचे पैसे गेले, आणि घरी थेंब नाही.” अहो, केंद्र चाळीसेक किलोमीटर उत्तरेला सरकलं असतं, तर तोच थेंब घराच्या माळ्यापर्यंत आला असता. एक दिवस आधीच्या अंदाजातही सरासरी साधारण तेवढा फरक पडतोच. तुम्ही निघालात तो निर्णय बरोबर होता. घर कोरडं राहिलं म्हणून तो चूक ठरत नाही.

पळण्याबद्दल मात्र भांडायला जागा आहे. फ्लोरिडातले आपत्ती व्यवस्थापनवाले सांगतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तुमचं घर ए किंवा बी इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे आधी रिकाम्या करायच्या पट्ट्यांत, असेल तर निघा. पण अटलांटापर्यंत कशाला? वीस-तीस मैल आत, उंचावर, मजबूत घरात जा. ब्रँडनचे, लेकलंडचे मित्र कधी उपयोगी पडायचे? २००५ मध्ये कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि महिन्याच्या आतच रीटा ह्यूस्टनच्या रोखाने आलं. लोकांनी कॅटरिना पाहिलेलं होतं, त्यामुळे ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले. शंभर मैलांची रांग, उकाडा, पेट्रोल संपलेलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून तेवीस जण गेले. रीटाच्या वाऱ्या-पाण्यापेक्षा त्या पळापळीने जास्त बळी घेतले. मागचं वादळ दोन्हीकडून फसवतं, कधी बसवून ठेवतं, कधी गरज नसताना पळवतं.

म्हणून आज घरी गेल्यावर एकच करा, आपला इव्हॅक्युएशन झोन पत्ता टाकून बघा आणि लिहून ठेवा. तो फ्लड झोन नव्हे बरं का. फ्लड झोन विम्यासाठी आणि बांधकामासाठी, एई, व्हीई, एक्स असा. इव्हॅक्युएशन झोन ए ते ई, तो जीव वाचवण्यासाठी. “आम्ही एक्समध्ये, कमी धोक्याच्या फ्लड झोनमध्ये आहोत, आम्हाला काही नाही” असं म्हणणारे निम्मे लोक हे दोन नकाशे एकच समजतात. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनीही बघा. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं, पण लिफ्ट, पंप आणि तुमची गाडी खालीच असते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती आधी हलवा. खारं पाणी बॅटरीत शिरलं की ती नंतर कधीही पेट घेऊ शकते.

आता थोडं माझ्या धंद्यातलं, इमारतींचं. १९९२ च्या अँड्र्यू हरिकेनने मायामीजवळचं होमस्टेड गाव सपाट केलं. त्यातून धडा घेऊन राज्यभरासाठी एकच बांधकाम संहिता तयार झाली, ती २००२ पासून लागू आहे. घर त्यानंतरचं असेल तर छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेलं असण्याची खात्री जास्त. जुनं घर घेताना बाई-माणसं स्वयंपाकघर बघतात, पुरुष गॅरेज बघतात. दोघांनीही माळ्यावर चढून त्या पट्ट्या बघाव्यात. गॅरेजचं दार हा घराचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमकुवत भाग. ते आत दबलं की वारा घरात शिरून छताला खालून उचलतो. दाराला आधार बसवून घ्या. काचांवर टेपची फुली मारू नका, तिने काच वाचत नाही, फुटलेले तुकडे तेवढे मोठे होतात. आणि दाब समान राहावा म्हणून खिडकी किलकिली ठेवायची, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

वीज जाणार. २०२४ च्या जुलैत बेरिल ह्यूस्टनजवळ आलं तेव्हा ते जेमतेम कॅटेगरी एक होतं, तरी वीस लाखांवर ग्राहक अंधारात गेले, काही जण आठवडाभर, त्या उकाड्यात. जनरेटर घेतला असेल तर घरापासून निदान वीस फूट लांब. गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. लुइझियानात २०२० च्या लॉरानंतर जनरेटरच्या धुराने माणसं गेली, वादळ ओसरल्यावर, झोपेत.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे. सगळ्यांच्या शेगड्या विजेवर, त्यामुळे न शिजवता खाता येईल असं हवं. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात, कालवलेले पोहे वर मेतकूट, चिवडा. शेल्टरमध्ये शाकाहारी मिळेलच असं नाही, तेव्हा डबा आपला आपण न्या.

विमा हा विषय कंटाळवाणा आहे, पण घर उभं राहणार की नाही हे शेवटी तिथे ठरतं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो. भाडेकरूच्या विम्यातही नसतो. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि एरवी तो लागू व्हायला तीस दिवस लागतात. आखातात वादळाला नाव पडल्यावर फोन करून उपयोग नाही. हा मे महिना आहे, म्हणून आजच सांगते. दुसरं, हरिकेनचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा वाटा, बहुधा हजार-दोन हजार डॉलरचं नसून विमा रकमेच्या टक्क्यांत असतं. चार लाख डॉलरच्या घरावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचे. तिसरा नियम पन्नास टक्क्यांचा. दुरुस्तीचा खर्च जमीन वगळून घराच्या बाजारभावाच्या निम्म्याला पोचला, तर घर आजच्या नियमांनुसार करावं लागतं, म्हणजे पूरक्षेत्रात बहुधा खांबांवर उचलायचं. हेलीननंतर किनाऱ्यालगतच्या बेटांवरच्या १९५०च्या दशकातल्या ठेंगण्या घरांचं हेच झालं. चार फूट पाणी ओसरलं, घर दिसायला धड उभं, आणि परवाना मिळेना. कित्येकांनी शेवटी घर न विकता नुसती जमीन विकली.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय: “आई-बाबा ऑगस्टमध्ये येणार आहेत. बोलवू की नको?”

बोलवा. गणपती त्यांच्याशिवाय कशाला? फक्त येताना त्यांना औषधं मुक्कामापेक्षा महिनाभर जास्तीची आणायला सांगा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी रासायनिक नावांसकट. इथे वादळाचा इशारा लागला की विमेवाल्यांना तुमची तीस दिवसांची औषधं मुदतीआधी द्यावी लागतात, पण ती सोय इथला विमा असलेल्यांना, पाहुण्यांना नाही. इन्सुलिन असेल तर बर्फाच्या पेटीची व्यवस्था आधी करा. पासपोर्ट, परतीची तिकिटं आणि प्रवास विम्याचे कागद झाकणबंद पिशवीत. वडिलांना ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागत असेल, तर काउंटीच्या स्पेशल नीड्स शेल्टरमध्ये, म्हणजे वैद्यकीय मदत लागणाऱ्यांच्या निवाऱ्यात, त्यांचं नाव नोंदवता येतं का, ते आत्ताच विचारा. वादळ आल्यावर तिथले फोन लागत नाहीत.