मला फावेल!

नमस्कार श्रोतेहो.

शाळेत असताना एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले होते. रात्री मामीनं विचारलं, "पलंगावर झोपतेस, की खाली गादी घालू?" मी म्हटलं, "खालीच घाला, मला फावेल." मामेभाऊ हसून हसून लोळला. पुढचे आठ दिवस घरात तेच. आमटी फावेल का, चप्पल फावेल का. तेव्हापासून पुण्याची गाडी पकडली की मी तो शब्द बडोद्याच्या फलाटावरच ठेवून जायची.

आपल्याकडे मात्र तो दिवसातून दहादा कानावर पडतो. गुजरातीत 'फाववुं' म्हणजे जमणं, सोयीचं होणं, मानवणं. दांडिया बाजारातल्या मराठी घरांनाही त्यावाचून करमत नाही. मीही अनेक वर्षं समजत होते, की ही आपली बडोदेकरांची उसनवारी.

मग एका दुपारी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात जाडजूड विभाग आणि १९५० ची पुरवणी. शोधत होते दुसरंच काही, बोट थांबलं 'फावणें'वर. लाभणे, मिळणे, प्राप्त होणे! ज्ञानेश्वरीच्या काळापासूनचा शब्द. आणि गंमत म्हणजे मामेभाऊही तो रोज वापरतो. 'फावला वेळ' म्हणतो, 'चोरांचं फावतं' म्हणतो. आपल्या बोलण्यातल्या अर्थाला गुजराती वळण असेल, पण शब्द घरचाच निघाला.

शब्दांची आवड असणाऱ्यांनी काय जवळ ठेवावं असं मला कुणी विचारलं, तर मी आधी शब्दकोश सांगते. कथा-कादंबऱ्या नंतर. आणि एकच कोश पुरत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. लष्करातला हा इंग्रज आपल्या म्हणी, शिव्या, बायकांचं बोलणं इतक्या चवीनं नोंदवतो, की एक शब्द पाहायला बसावं आणि चहा गार व्हावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही फुकट पाहता येतात. एवढंच लक्षात ठेवा, की जुन्या छपाईत क्रियापदाच्या शेवटी अनुस्वार असतो. 'करणे' नाही, 'करणें'.

आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांनी तिसरा कोशही हाताशी ठेवावा. गोंडल संस्थानच्या भगवतसिंहजी महाराजांचा गुजराती कोश 'भगवद्गोमंडल', नऊ खंडांचा, १९४४ ते १९५५ मधला. तोही आता इंटरनेटवर आहे. 'चोपडी' हा शब्द घ्या. आपले गुजराती शेजारी पुस्तकाला चोपडी म्हणतात, जुन्या मराठीत चोपडी म्हणजे हिशेबाची वही. दोन्ही कोश शेजारी शेजारी उघडले, की असे धागे सापडतात.

भाषा अशा शेजारी मांडायची खोड आपल्या गावाला जुनीच आहे. मराठी राजा, बहुसंख्य प्रजा गुजराती, वर इंग्रजी आणि फारसी कागदपत्रं. कचेरीतल्या एकेका शब्दासाठी किती घोळ होत असतील! सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' काढवला. राज्यकारभाराचे शब्द, आठ भाषांत. नाव उच्चारतानाच धाप लागते, पण काम पाहा.

याच महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. तो तीन वर्षं राहिला, तेवढ्यात राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं जाऊ लागलं. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी जायच्या. १९१२ मध्ये ग्रंथालयांविषयी एक नियतकालिकही निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या पोलादी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे, उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा म्हणून. पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवताना मी चपला हातात घेतल्या होत्या. उगाचच.

लिहिणाऱ्यांना मी एकच सुचवेन. एक वही करा आणि तिच्यात फक्त घरात ऐकलेले शब्द लिहा. कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, तेही लिहा. अर्थ नंतर शोधता येतो, पण आजी कुठल्या सुरात म्हणाली ते कोशात मिळत नाही. माझ्या वहीत 'फावणें'ला पूर्ण पान दिलंय.

त्या पानाचा फोटो काढून मी परवा मामेभावाला पाठवला, खाली ज्ञानेश्वरीचा दाखला जरा मोठ्या अक्षरांत लिहून. चाळीस वर्षांचा हिशेब होता. अर्ध्या तासानं उत्तर आलं, "आत्ता गडबडीत आहे गं. फावल्या वेळात वाचतो."

नमस्कार.