वजनाआधी मेंदू

(पिंजरे, निळा खुराक)

हा निळा खुराक प्रयोगशाळेतल्या उंदरांचा. रंग मुद्दाम घातलाय, पिंजऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. यातले 60 टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येतात, त्यातही बहुतेक डुकराच्या चरबीतून. शेजारी तपकिरी, साधा धान्याचा खुराक.

पहिल्या दोन-तीन दिवसांत उंदराचं वजन म्हणावं तसं वाढत नाही. पण मेंदूत सूज सुरू झालेली असते. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी 2012 साली हेच दाखवून दिलं.

(मेंदूचे काप, कुंचला, काच)

ती सूज अशी शोधतात. मेंदू गोठवायचा आणि केसापेक्षा पातळ काप काढायचे. ते द्रावणात तरंगत ठेवायचे, बारीक कुंचल्यानं एकेक उचलून काचेवर पसरायचे. सुरकुती पडली की तो काप वाया. मग असं रसायन लावायचं, जे फक्त मेंदूच्या राखणदार पेशींना, मायक्रोग्लियांना, चिकटतं.

(सूक्ष्मदर्शकाखाली)

डावीकडे साधा खुराक. पेशी लहान, कोळ्याच्या पायांसारख्या बारीक फांद्या पसरून बसलेल्या. उजवीकडे निळा खुराक. पेशी फुगल्यात, फांद्या आखूड झाल्यात आणि पेशींची गर्दीही वाढलीये. ही जागा हायपोथॅलॅमसची, मेंदूतल्या भुकेवर ताबा ठेवणाऱ्या भागाची. पोट भरल्याची खबर इथंच पोचते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडून ती धाडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात 1994 साली त्याचा शोध लागला. लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं. मेंदूच त्याला दाद देत नाही.

सूज मध्ये काही दिवस ओसरते. खुराक तोच राहिला, तर परत येते आणि मुक्काम ठोकते.

(एमआरआय)

माणसाचा मेंदू असा कापून बघता येत नाही. पण सिएटलच्याच गटानं एमआरआय तपासले, तेव्हा लठ्ठ व्यक्तींच्या हायपोथॅलॅमसमध्ये इजेच्या अशाच खुणा आढळल्या. दवाखान्यात या माणसांना आजही बऱ्याचदा एवढंच ऐकवलं जातं : तोंडाला आवर घाला. आवर घालणारी जागाच दुखावलेली असेल, तर आधी तिच्यावर उपचार शोधायला हवेत.

लठ्ठपणाचा मेंदूशी संबंध भुकेपुरताच नाही. कॅलिफोर्नियात दहा हजारांहून अधिक लोकांची सरासरी 27 वर्षांची माहिती तपासली गेली, 2005 साली निष्कर्ष आले : चाळिशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका 74 टक्क्यांनी जास्त.