ट्रॅक गप्प बसतो तिथे

मैत्रिणींनो, जाहीर झालेला विषय तुम्ही वाचलाच असेल: 'तयार गळ्याच्या बायकांसाठी करोकेवरची अवघड गाणी'. पाच गाणी सांगेन असं मी कबूल केलंय आणि सांगणारही आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेते. कितीतरी वर्षं ती मनात घोळतेय आणि आज गाणारी माणसं समोर बसली आहेत.

अवघड गाणं म्हटलं की आपण सगळ्याजणी वर बघतो. वरचा पंचम लागतो का, आवाज फाटत नाही ना, शेवटची तान निघते का, हेच विचार. खरं सांगू? जिने मनापासून रियाज केलाय तिला वरचा सूर फार दिवस छळत नाही. आज नाही लागला तर सहा महिन्यांनी लागेल, नाहीतर पट्टी उतरवता येते. माझं म्हणणं असं आहे की करोकेवर सगळ्यात अवघड गाणं ते, ज्यात ट्रॅक, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेली साथ, मध्येच गप्प बसतो. वाद्यं थांबतात, ठेका थांबतो आणि तुम्ही एकट्या उरता. तिथे कळतं की सूर आणि लय तुमच्या अंगात आहेत की स्पीकरमध्ये.

'कराओके' या जपानी शब्दातच ते आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं त्यांच्या उच्चारातलं छोटं रूप. रिकामा वाद्यवृंद. हे यंत्र १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने बनवलं. त्याची हकीकत मला फार आवडते. बारमध्ये गिऱ्हाइकं गायची आणि हा साथ करायचा. त्यातल्या एका कंपनीच्या मालकाला याच्याशिवाय कुणाच्याच साथीवर गाता येत नसे, कारण त्या माणसाचा आवाज कुठे अडतो हे याला पाठ झालं होतं. मालक सहलीला निघाला आणि म्हणाला, तूही चल. याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून याने साथ टेपवर वाजवून दिली. त्यातूनच पुढे यंत्राची कल्पना निघाली. पेटंट त्याने घेतलंच नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आता बघा, ती टेप एका माणसाच्या गळ्याच्या मापाने वाजवलेली होती. आणि आज आपण ज्या ट्रॅकवर गातो तो कुणाच्याच मापाचा नसतो. मूळ गायिकेच्या पट्टीत तो बनवलेला असतो आणि आपण त्यात स्वतःला कोंबतो. वर अभिमानाने सांगतो, 'मी ओरिजिनल स्केललाच गाते हं!' त्या ओरिजिनल स्केलपायी मी किती चांगले गळे बिघडलेले पाहिलेत! पट्टी बदलायचं बटण असतं, एकेक अर्धा सूर खाली-वर करता येतो. ते वापरायला कुणी लाजू नका. साथीदार असते तर पेटीवाल्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता ना, 'ताई, काळी चार की काळी पाच?' मग ट्रॅकपुढेच आपण गप्प का बसायचं?

तर मूळ मुद्दा, शांततेचा.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी 'ऐ दिल-ए-नादान' घेतलं होतं. १९८३ च्या 'रझिया सुलतान'मधलं, खय्याम यांची चाल, लताबाईंचा आवाज. गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. जमीन गप्प आहे, आकाश गप्प आहे, असं ती म्हणते आणि त्या ओळीनंतर वाद्यंही गप्प होतात. खरोखरची शांतता. करोकेच्या पडद्यावर शब्द नाहीत, ठेका नाही, काही नाही. मी महिनाभर फक्त ती जागा घोकली होती. डोळे मिटून, लय पोटात धरून, पुढच्या शब्दाला अगदी अलगद कसं उतरायचं एवढंच करत होते.

सभागृह भरलेलं होतं. मी ती ओळ म्हटली आणि थांबले. इतकं शांत झालं की मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीत हललं तेही ऐकू आलं. माझा श्वास घेऊन झाला होता, ओठ उघडले होते. आणि मिक्सरवर बसलेल्या मुलाला वाटलं ट्रॅक अडकला. त्याने बटण दाबलं. संतूर पहिल्यापासून सुरू झालं.

तो पुढचा शब्द माझ्या तोंडातच राहिला. लोकांनी चांगुलपणाने टाळ्या वाजवल्या. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. राग आला तो नंतर. संयोजक जवळ येऊन म्हणाले, 'ताई, असली गाणी करोकेला चालत नाहीत. सलग वाजणारं काहीतरी घेत जा.'

सलग वाजणारं! हे दोन शब्द मी अजून विसरलेले नाही. अहो, त्या गाण्याचा जीव त्या न वाजण्यात आहे. जित्याजागत्या साथीवर ही जागा घेणं सोपं असतं, कारण तबलजी तुमच्या खांद्याकडे बघत असतो. तुम्ही श्वास घेतलात की खांदा उचलला जातो आणि त्याचा हात तयार होतो. ट्रॅक कुणाच्या खांद्याकडे बघत नाही. तुम्ही चुकलात तर तो तुम्हाला सोडून पुढे जातो. म्हणून तर ही गाणी करोकेवर गायची! सलग वाजणाऱ्या गाण्यात ट्रॅक आपल्याला कडेवर घेऊन चालतो. आपण चाललो की नाही हे कळतच नाही.

(चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली म्हणे. बरं, यादी घेते.)

पहिलं सांगून झालं, तेच 'ऐ दिल-ए-नादान'. गाण्यापूर्वी मिक्सरवरच्या माणसाला मधल्या शांततेबद्दल सांगून ठेवा. डोळे पडद्यावर नकोत.

दुसरं, व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. सगळ्या जणी त्या शेवटच्या उंच भागाला घाबरतात. पण सुरुवातीचं अख्खं कडवं बिनसाथीचं आहे. तिथे तुम्ही अर्धा सूर जरी घसरलात तरी वाद्यं येतात त्या क्षणी सगळ्यांना कळतं. काही ट्रॅकमध्ये आधी एक सूर देतात. तो नसेल तर ट्रॅकचा पहिला स्वरमेळ कानाशी वाजवून सा पक्का करून घ्या. पुढे एक क्षण सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका पडतो आणि गाणं पूर्ण एक सूर वर चढतं. तो चढ ठोक्याच्या आधी मनात लागलेला हवा.

तिसरं, 'इन आँखों की मस्ती'. 'उमराव जान', १९८१. खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. खालच्या सुरात आवाज भरीव ठेवायचा आणि जोर लावायचा नाही, हे काम तयार गळ्यालाही जड जातं. माइक ओठांजवळ घ्या, आवाज दाबू नका. बारीक आवाजाची असाल तर इथे बटण वरच्या बाजूला दाबा, त्यातही कमीपणा नाही.

चौथं, 'जिवलगा राहिले रे दूर घर माझे'. शब्द शांताबाई शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशाबाईंचा. गाण्यातली बाई थकलेली आहे आणि आपण बहुतेक जणी ते टवटवीत आवाजात गातो. शब्द ओढायला गेलात तर ट्रॅक पुढे निघून जातो, आवरते घेतलेत तर थकवा जातो. यावर मला तासभर बोलायला आवडलं असतं.

पाचवं, 'पिया तू अब तो आजा', 'कारवाँ', १९७१. यातले श्वास मोजून घ्या. ते ठेक्यात बसवलेले आहेत, सुरांइतकेच नेमके. श्वास ऐकवायचा आणि लगेच पुढची ओळ गायला तोच श्वास पुरवायचा! पंचमदांची, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन यांची, ती 'मोनिका' अशी हाक तुमच्या ट्रॅकमध्ये आहे की नाही, हेही आधी ऐकून ठेवा. नसेल तर तिथे अचानक भोक पडतं.

आणि घरी रियाज करताना ब्लूटूथ स्पीकरवर माइक जोडू नका. आवाज किंचित उशिरा बाहेर येतो, आपण नकळत त्याच्यासाठी थांबतो आणि लय बिघडते. तारेचा वापरा.

वेळ संपली. एक गाणं तरी ऐकल्याशिवाय मी उठणार नाही. तुम्ही येताय? या ना. कुठलं, 'ऐ दिल-ए-नादान'? वा! पट्टी दोनने खाली घ्या हो जरा. आणि दादा, मध्ये सगळं बंद पडल्यासारखं वाटलं ना, तर बटणाला हात लावू नका.