हद्द वेगळी, नासधूस वेगळी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी दूध घ्यायला फाटकाशी जावं, आणि कडीला हात लावताच तो काळ्या, चिकट ऑइलनं माखावा. कोणी केलं हे आपण पाहिलेलं नसतं, पण मनात एकच घर येतं, भिंतीपलीकडचं. अशा सकाळी डोकं कसं तापतं ते मला ठाऊक आहे. आमच्या घरानं एक अख्खा उन्हाळा ते सोसलं.

2011 सालचा मे महिना. नागपुरात मानेवाड्याकडे आमचं घर. मागच्या खोलीचा कूलर बाहेर लोखंडी स्टँडवर, त्याची पाठ शेजाऱ्यांच्या भिंतीकडे. टाकी भरताना पाणी सांडायचं, वाळ्यातून ठिबकायचं. त्यांच्या भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले. शेजारचे काकाजी दोनदा येऊन सांगून गेले. बाबा दोन्ही वेळा ‘पाहतो’ म्हणाले आणि पाहिलं काहीच नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण भांडणाची गोष्ट सांगताना आपण आपला ‘पाहतो’ गाळून टाकतो.

मग एका सकाळी आमच्या कुंड्या फुटल्या. आठ दिवसांनी स्कूटरची सीट ब्लेडनं फाडलेली. त्यानंतर फाटकाला ते ऑइल. आणि मग ती रात्र. दोनच्या सुमारास कूलर बंद पडला. आजी त्याच खोलीत झोपायची. छताचा पंखा फिरत होता, म्हणजे लाइन गेलेली नव्हती. नागपूरच्या मे महिन्यात, रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, त्या खोलीत ऐंशी वर्षांची म्हातारी. आम्ही तिला पुढच्या खोलीत आणलं, अंगावर ओला पंचा टाकला. बाबांनी मागे टॉर्च मारला. वायर तुटून लोंबत होती.

बाबा काठी घेऊन निघाले. आई फाटकात आडवी उभी राहिली. म्हणाली, “आत्ता गेलात तर सकाळी ठाण्यात आपणच आरोपी म्हणून बसू.” बाबा थांबले. त्या रात्री ते थांबले म्हणून पुढचं सगळं झालं.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्यानं वायरचं टोक आईच्या समोर धरलं. “काकू, उंदरानं कुरतडलं की प्लास्टिक दातेरी होते. हे पाहा, तांबं कसं सपाट आहे. पक्कड लावली कोणीतरी.” तो जोडायला बसला तर आईनं हात धरला. आधी फोटो. मग टोकाचा चार बोटांचा तुकडा कापून पाकिटात, पाकिटावर तारीख. आणि शाळेच्या दुरेघी वहीत नोंद: ‘रात्री 2. कूलरची वायर कापलेली. पंखा चालू होता. दुरुस्ती 250 रुपये.’ बस, एवढंच. त्या अख्ख्या वहीत काकाजींचं नाव एकदाही नव्हतं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते आई लिहीत नव्हती.

ही वही घेऊन ती ठाण्यात गेली. अधिकाऱ्यांनी नोंदी वाचल्या, तक्रार घेतली, आणि एक प्रश्न विचारला: “ते स्टँड कोणाच्या जागेत आहे?” बाबा म्हणाले, “आमच्याच.” अधिकारी म्हणाले, “मोजून घ्या.”

नगर भूमापनाकडे मोजणीचा अर्ज केला, फी भरली. मोजणीला पावसाळा उजाडला. खुणा ठोकल्या तेव्हा आमच्या स्टँडचे दोन पाय त्यांच्या जागेत निघाले. नऊ इंच. बाबा त्या खुणेकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून त्यांनी स्टँड काढलं.

आता मोहल्ल्यातले लोक म्हणू लागले, तुमचीच चूक निघाली, तक्रार मागे घ्या. आई बधली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. नऊ इंच आमची चूक, ती आम्ही दुरुस्त केली. वायर कापणं आमची चूक नाही. श्रोतेहो, हे पुन्हा सांगते. हद्दीचा प्रश्न वेगळा आणि नासधुशीचा प्रश्न वेगळा. एकाचं उत्तर दुसऱ्यानं मिळत नाही.

ठाण्यातलं बोलावणं मारबतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्तामुळे आठवडाभर पुढे गेलं. दोन्ही घरं बसली. वही टेबलावर होती, पाकिटातला तुकडा टेबलावर होता. काकाजींच्या धाकट्या मुलानं तो तुकडा पाहिला आणि मान खाली घातली. काकाजींना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वहीतला हिशेब 3,140 रुपये झाला. त्यांनी एक शब्द न बोलता नोटा मोजून ठेवल्या, मुलानं लेखी दिलं. पुढे दोन वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी बोलली नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरचं एक पानसुद्धा कोणी तोडलं नाही.

कूलरच्या त्या पाण्यावरून आणखी एक सांगते. शेजाऱ्यांची निम्मी भांडणं पाण्याची असतात, आणि आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते घरांपेक्षा उंच होऊन बसल्यापासून ती वाढली आहेत, असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावरचं पाणी अंगणात शिरतं, आपण ते ढकलतो शेजाऱ्याकडे, शेजारी आपल्याकडे. रस्ता करताना आधीचा थर खरवडून काढला पाहिजे. असो.

आता कायद्याचं थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं तिच्या कलम 324 मध्ये येतं. शिक्षा नुकसानीच्या रकमेप्रमाणे वाढते: साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत, नुकसान 20,000 रुपये किंवा जास्त असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून दुरुस्तीचं प्रत्येक बिल जपा. बिल जपा, फेकू नका.

लहान नुकसानीची नोंद बहुधा अदखलपात्र म्हणून होते, ज्याला आपण एनसी म्हणतो. त्यात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तरी ती नोंदवाच, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळी हीच कागदं उपयोगी पडतात. समोरच्याकडून शांतताभंगाची भीती असेल तर एक वर्षापर्यंतचं बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 मध्ये आहे. आणि कोणी अंगावर आलं, घरात घुसलं, तर वही नको, सरळ 112 लावा.

कॅमेरा लावणार असाल तर आपल्या फाटकावर आणि अंगणावर रोखा, शेजाऱ्यांच्या खिडकीवर नाही. तसं केलंत तर तक्रारीचं कारण तुम्हीच पुरवाल. जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून घटना घडली त्याच दिवशी ते वेगळं काढा.

हद्दीबद्दल शंका असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि सरकारी मोजणी करून घ्या, तक्रारीच्या आधी केलीत तर आणखी बरं. वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना वही बरोबर न्या.

नमस्कार.