घराण्यातून आलेलं यकृत

नमस्कार श्रोतेहो. "आयुष्यात दारूला हात लावला नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?" हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग अमेरिकेतल्या डॅलस शहरात सापडला.

तिथे संशोधकांनी २,००० हून अधिक लोकांच्या यकृतातली चरबी मोजली आणि त्यांची जनुकं तपासली. २००८ साली हेलन हॉब्स, जोनाथन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला. पीएनपीएलए-थ्री नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून तो आला असेल, तर यकृतातली चरबी सरासरी दुपटीहून जास्त भरते. लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत हा फरक सर्वांत जास्त आढळला, आणि चरबीही त्यांच्यातच जास्त होती. आपल्याकडेही तो दुर्मीळ नाही.

हे घडतं कसं? यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब असतात. ते विरघळवणाऱ्या प्रथिनाला एक मदतनीस लागतो. बदललेलं प्रथिन वेळेवर नष्ट होत नाही, थेंबावर साचत जातं आणि त्या मदतनीसालाच अडकवून ठेवतं. चरबी तिथेच राहते. मग सूज, सुजेतून व्रण, व्रणांतून सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग. फॅटी लिव्हर असलेल्या युरोपीय रुग्णांच्या एका अभ्यासात, हा फरक दोन्हीकडून आलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट दिसला.

पण आकडा ऐकून घाबरू नका. हे जनुक एकट्याने फारसं काही करत नाही. सडपातळ माणसात त्याचा परिणाम लहान असतो. वजन वाढलं की तोच कित्येक पटींनी मोठा होतो. दारूची जोड मिळाली तरी तेच. "आमच्याकडे सगळ्यांनाच पोट आहे, ते रक्तातच आहे" असं हसत म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

उलटा प्रकारही आहे, आणि मला तो जास्त गमतीचा वाटतो. एचएसडी-सेव्हन्टीन-बी-थर्टीन नावाचं जनुक काहींमध्ये जन्मतःच नीट काम करत नाही. त्यांना सिऱ्हॉसिसचा धोका कमी असतो! हे २०१८ साली समोर आलं, आणि आता तेच जनुक औषधाने शांत करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आता एक गल्लत. एकाच घरात दोघा-तिघांना यकृताचा कर्करोग झाला, की आपण आनुवंशिकतेला दोष देतो. पुष्कळदा कारण असतं हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग, जो बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. हा वारसा लसीने तोडता येतो. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिथल्या मुलांमधला हा कर्करोग घटला. आपल्या सरकारी लसीकरणातही पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत दिला जातो.

तेव्हा घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, तर महागड्या जनुक चाचणीच्या मागे लागण्याआधी सगळ्यांची हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी करून घ्या. सिऱ्हॉसिस झालेला असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली, तर ती काढता येण्याची शक्यता बरीच असते.