क्लिक करण्याआधीचं गणित

हे तिरंदाज. नकाशावर शेजारच्या चौकोनात ही भालाइतांची फळी. खेळणाऱ्याचा हात माऊसवर आहे, पण क्लिक अजून झालेलं नाही.

खेळ आहे फ्रीसिव्ह, संगणकावर आळीपाळीने चाली करत साम्राज्य उभारण्याचा. 1996 साली डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. त्याचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. आम्ही हाच खेळ निवडला, तो त्यासाठीच.

तिरंदाजांचा हल्ला 3, फळीचा बचाव 2. बेरीज 5, त्यात हल्ल्याचा वाटा 3. म्हणजे दर फेरीला तिरंदाजांच्या बाजूने 60 टक्के. फेरी हरणाऱ्याचा एक हिट पॉइंट, म्हणजे तग धरण्याच्या ताकदीचा एक गुण, जातो. दोघांकडेही दहा-दहा आहेत. ज्याचे आधी संपतील, तो नकाशावरून गेला.

खरी मेख इथे आहे. फेरी 60 टक्क्यांची असली तरी लढाई 60 टक्क्यांची नसते. इतक्या फेऱ्या झाल्या की जरासा वरचढ असलेलाच बहुतेकदा शेवटी उभा राहतो. पूर्ण लढाईचा आकडा येतो 81 टक्के.

आता फळी जंगलात आहे. बचाव दीडपट, दोनाचे तीन. पारडी समसमान. त्याच झाडीत ती मोर्चेबंदी करून बसली, की पुन्हा दीडपट, साडेचार. 81 वरून थेट 19 टक्के. तिरंदाज तेच, त्यांचा हल्लाही तोच.

असं गणित संगणकाच्याही आधीचं आहे. हे लाल-निळे ठोकळे बघा. 1824 साली प्रशियातला तरुण अधिकारी फॉन राइसविट्झ याने अशाच ठोकळ्यांच्या युद्धखेळाचे नियम छापले. फाशांवर चक्क नुकसानीचे आकडे होते आणि निवाडा करायला पंच बसायचा. 1954 मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 'टॅक्टिक्स' आणला. दोन्ही बाजूंच्या बळाचं गुणोत्तर काढायचं, फासा टाकायचा, तक्त्यात निकाल बघायचा. तो तक्ता सगळ्यांसमोर असायचा. फासा उलटा पडला तरी का हरलो हे बोट ठेवून दाखवता यायचं.

संगणक आला आणि तक्ता आत गेला. 1991 च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये अख्खी लढाई एका झटक्यात निकाली निघायची, त्यामुळे भालाइतांसमोर रणगाडाही कधीकधी हरायचा. 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत हिट पॉइंट आले आणि असे निकाल विरळ झाले. या मालिकेचे जनक सिड मायर यांनी 2010 च्या एका भाषणात सांगितलं होतं, की तीनास एक अशी आघाडी असताना हरलेले खेळाडू चिडतात. नुसत्या गुणोत्तराने बघितलं तर ही हार चारातून एकदा यायलाच हवी.

जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा लपवला की खेळाडूचा खेळावरचा विश्वास उडू शकतो.

आकडा आधी दाखवा, एवढंच आमचं मागणं आहे. फ्रीसिव्हमध्ये तो हल्ल्याआधी बघता येतो.

फळी पुन्हा मोकळ्या मैदानात आली आहे. पण तिरंदाज आधीच्या एका लढाईतून जखमी होऊन आलेत, त्यांची हिरवी पट्टी अर्ध्यावर आहे. हल्ला अजूनही 3 च, पण हिट पॉइंट पाचच. शक्यता 28 टक्के.

खेळणारा आकडा वाचतो. माऊस बाजूला सरकतो. तिरंदाज शहराच्या दिशेने मागे वळतात.